बालाजीचा सालदार

यंदाच्या गुढीपाडव्याला, सकाळची आरती होऊन प्रसाद वाटून झाल्यावर, आमच्या गावच्या बालाजी देवस्थान समितीने एका म्हाताऱ्या माणसाला देवळाच्या पायरीवरून खाली उतरवलं आणि त्याच्या तोंडावर दार लावलं. दार नवं आहे, आलापल्लीच्या सागवानाचं आहे, आणि गावाला त्याचं फार कौतुक आहे. त्यामुळे ते लागत असताना कुणी काही बोललं नाही.

हा अन्याय आहे. आधीच लिहून टाकते, कारण पत्रक लिहायची आमच्या संघटनेची रीत तीच आहे: कोणावर, कधी, कोणी. तिन्ही सांगून झालं. आता तो माणूस कोण ते सांगते. त्याला पत्रक पुरत नाही.

त्यांचं नाव लिहीत नाही. गावात ते कुणी वापरतही नाही. गोंडपिपरी तालुक्यातल्या आमच्या गावात लहानमोठे सगळे त्यांना सालदार म्हणतात. ज्यांना मान द्यायचा ते सालदारभाऊ म्हणतात. सालदार म्हणजे सालगडी, हे इकडे कुणाला सांगावं लागत नाही, पण बाहेरचं कुणी वाचत असेल तर: पाडव्याला शेतकरी एका वर्षासाठी गडी ठेवतो. धान किती, धोतर किती, वाहणांचा जोड कधी, हे ठरतं. पुढच्या पाडव्याला दोघेही मोकळे. पटलं तर पुन्हा ठरवायचं, नाही पटलं तर गडी दुसरं घर बघतो आणि मालक दुसरा गडी.

आमचे सालदार मात्र कुणाच्या शेतावर सालाने राहिलेले नाहीत. तलावाखाली त्यांची स्वतःची धानाची बांधी आहे, आमच्या बांधीला लागून. ते सालदार आहेत बालाजीचे.

तरुणपणी कुठल्याशा सप्ताहात त्यांनी ऐकलं की भक्तीची शेवटची पायरी म्हणजे आपला जीव देवाला देऊन टाकायचा, आपलं म्हणून काही ठेवायचं नाही. हे गावातल्या सगळ्यांनीच ऐकलं होतं. ऐकलं, माना डोलावल्या, जेवले आणि झोपले. सालदारांनी मात्र दुसऱ्या दिवशी दिला. आणि तिसऱ्या दिवशी सकाळी त्यांच्या लक्षात आलं की दिलेला जीव आपल्याजवळच आहे, त्याला भूक लागली आहे आणि त्याला शेजाऱ्याचा राग आला आहे. जमीन दिली की ती दुसऱ्याकडे जाते. जीव कितीही दिला तरी सकाळी आपल्याच खाटेवर सापडतो. मग द्यायचा कसा? त्यांच्या माहितीत माणूस स्वतःला दुसऱ्याच्या हवाली करतो अशी एकच रीत होती. ती पाडव्याला होत असे.

लहानपणी आम्ही पोरंपोरी पाडव्याला गुढी सोडून सालदार बघायला देवळात जायचो. ते खालच्या पायरीवर उभे राहायचे. हात जोडलेले, मान ताठ.

"मालक, साल संपलं. मी सांगतलं ते सारं केलं. एक दिवस ताप होता, त्या दिवशी नाई केलं. तुमच्याकडून रोवण्याच्या टायमाले पानी राह्यलं. यंदा त्याच्याकडं ध्यान देजा. एक धोतर, एक दुपट्टा, वाहनाचा जोड. गुडघे चालू ठेवजा. ठेवता का मले?"

मग ते थांबायचे. आतून कोणी "नाही" म्हणायचं नाही. पुजारी श्वास रोखून उभा असायचा, न जाणो आपण खोकललो आणि त्याचा काही अर्थ निघाला तर. थोड्या वेळाने सालदार मान हलवून म्हणायचे, "नाई म्हनत नाई. म्हंजे ठेवलं."

आठवड्याने ते बाजारातून नवं धोतर आणायचे आणि मालकाने दिलं म्हणून सांगायचे. मी एकदा म्हटलं, "भाऊ, धोतर तं तुम्हीच आनलं ना?"

"आनाले कोन गेलतं? गडी. अन् गड्याले कोन धाडलं?"

मी तेव्हा लहान होते. मोठी झाले तरी हे पटलेलं नाही.

इथपर्यंत समितीची काही हरकत नव्हती. गावात वर्षातून एकदा एक म्हातारा देवाशी धोतराची बोलणी करतो, याने कुणाचं बिघडत नाही. बिघडत होतं ते संध्याकाळी.

सालदार संध्याकाळी मालकाच्या ओट्यावर येऊन दिवसाचं सांगतो. बैलाने चारा खाल्ला का, बांधाला भगदाड पडलं का, उद्या काय धरायचं. आमचे सालदारही रोज दिवे लागायच्या आत देवळात जात आणि बालाजीला दिवसाचं सांगत. त्यांचा आवाज बांधीतला होता, एका बांधावरून चौथ्या बांधावर जाणारा. देऊळ लहान. सांगणं पार बोअरिंगपर्यंत ऐकू यायचं, आणि त्या वेळी बोअरिंगवर अख्ख्या गावच्या बाया पाणी भरत असायच्या.

"मालक, आज निंदन झालं. गाय बांधीत शिरली, मी काडी हानली. जोरात लागली. गाईचा राग नोता, जवायाचा होता. बाईले मी आज आळशी म्हनलो. ते आळशी नाई. मले भूक लागली होती."

बाई म्हणजे त्यांची बायको. बाईंचं माहेर धानोऱ्याकडचं, जंगलातलं. त्यांना कमी बोलायची सवय. बोअरिंगवर पाण्याच्या गुंडाला, म्हणजे हंड्याला, हात लावून त्या खाली मान घालून उभ्या राहायच्या. एकदा न राहवून त्या देवळाच्या दारातच जाऊन म्हणाल्या, "सांगा न बापा, सांगा. पन इतक्या जोरात?"

"मालक आतमधी हाय. मी बाहेर हाव."

"तो देव हाय. त्याले हळू सांगतलं तं आयकू येत नाई का?"

"त्याले येते. हळू सांगतलं का मीच चोरून ठेवतो."

बाईंनी बोअरिंगवरच्या बायांना जे सांगितलं ते गावात अजून सांगतात: "यानं जीव देवाले देल्ला, धुनं मले देल्लं."

नुसतं स्वतःचं सांगितलं असतं तर तेही खपलं असतं. पण गड्याला जे दिसलं ते मालकाला सांगावं लागतं, असा त्यांचा हिशेब. शाळेतले तांदूळ कोणत्या घरी शिजतात, बोअरिंगचा दांडा कोणी वाकवला, कोणाच्या सुनेला कोणी हात लावला, हे सगळं बालाजीला कळायचं, आणि बालाजीबरोबर आम्हाला. निंदा करायचा सूर नसायचा. बैलाने शेण टाकलं हे ज्या सुरात सांगायचं त्याच सुरात. त्यामुळे भांडायला जाणाऱ्याची पंचाईत व्हायची. बैल थोडाच भांडायला जातो.

चुकायचेही. ते संत नव्हते हे मला इथे स्वच्छ लिहायचं आहे, कारण आजकाल कोणाला बाजूला केलं की लगेच त्याला संत करायची पद्धत आहे. एकदा रोवणीच्या वेळी त्यांच्या बांधीतलं पाणी उतरून आमच्या बांधीत आलं. त्यांनी संध्याकाळी मालकाला सांगून टाकलं की माझ्या बाबांनी धुरा, म्हणजे मधला बांध, फोडला. गावाने ऐकलं. दोन दिवसांनी धुऱ्यात खेकड्याचं बीळ सापडलं. सालदार त्या संध्याकाळी देवळात गेले आणि म्हणाले, "मालक, परवा सांगतलं ते चूक होतं. खेकडा होता."

बाबा देवळाबाहेर उभे होते. म्हणाले, "अन् माही माफी?"

"मालकाले चुकीचं सांगतलं, मालकाची मांगतली."

"चोर मले म्हनलं का देवाले?"

सालदारांनी यावर विचार केला. खरोखर केला, उभ्याउभ्या, बराच वेळ. मग म्हणाले, "खेकडा होता हे तुवं आयकलं ना?" आणि घरी गेले. बाबा तेव्हापासून त्यांच्याशी बोलत नाहीत. शेजारशेजारच्या बांध्यांत दोघे वाकून धान लावतात आणि एकमेकांच्या पाठी बघतात.

देवाला जीव दिलेला माणूस जिवाची पर्वा करत नाही, असं पुस्तकात असतं. सालदारांइतकी जिवाची पर्वा करणारा माणूस मी पाहिलेला नाही. मोहफुलं वेचायला गेले असताना एकदा त्यांना वाघ दिसला. गावात ही बातमी आल्यावर सगळ्यांना वाटलं की ते हात जोडून उभे राहिले असतील, वाघ वाट सोडून गेला असेल, असंच काहीतरी. संध्याकाळी देवळात गर्दी झाली.

"मालक, आज वाघ दिसला. मी मोहाची टोपली टाकून पयलो. झाडावर चढलो. धोतर फाटलं. जीव माहा असता तं इचार केला असता. तुमचा होता म्हून वाचवला."

ब्लडप्रेशरची गोळी ते चुकवत नाहीत. आरोग्य केंद्रातल्या नर्सबाईंनी गंमत केली, "काका, देवाच्या माणसाला गोळ्या कशाला?" तर म्हणाले, "मालकाचा बैल आजारी पडला तं गडी डॉक्टरले बलावते का बैलाले देवापाशी नेते?" नर्सबाईंनी पटकन गोळ्या दिल्या.

आता ते एक साल सांगते, ज्या साली ते सालदार नव्हते.

त्यांची मोठी मुलगी बाळंतपणाला माहेरी आली होती. रात्रीपासून कळा सुरू होत्या, सकाळी दवाखान्याच्या गाडीला फोन केला. गाडी निघाली आहे, असं दुपारपर्यंत सांगत राहिले. ती कुठून निघाली होती ते कोणाला कळलं नाही, कारण ती पोचलीच नाही. मुलगी ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत, रस्त्यातच गेली. बाळही. याचं पत्रक आम्ही पुढे काढलं, मोर्चाही काढला. त्या वेळी गावात पत्रक काढणारं कोणी नव्हतं.

सालदारांनी त्या दिवसांत संध्याकाळचं सांगणं सोडलं नाही. बांधीचं सांगत, बैलाचं सांगत. मुलीचं एक शब्दाने नाही. पाडवा आला. ते पायरीवर उभे राहिले. हात जोडले नव्हते.

"मालक, साल संपलं. मी तुमचं एक जनावर मरू देल्लं नाई. तुम्ही माही पोरगी मरू देल्ली. यंदा दुसरा गडी पाहा."

आणि वळून निघाले. देवळात एवढी माणसं होती, पण त्यांच्यासाठी वाट आपोआप झाली.

वर्षभर ते देवळाकडे फिरकले नाहीत. बांधी केली, पण उसनी केल्यासारखी. संध्याकाळ झाली की त्यांना काय करावं ते सुचेना. दिवसाचं साचून राहायचं, ते बाईंना सांगायचे. बाई चुलीपुढे बसून ऐकायच्या. गावाने आधी सुटकेचा निःश्वास टाकला. मग महिन्या-दोन महिन्यांनी लोक एकमेकांना विचारू लागले, आज काय झालं गावात? कोणाला धड माहीत नसे.

पुढच्या पाडव्याला ते पुन्हा पायरीवर उभे. धोतर, दुपट्टा, वाहणा, गुडघे. अट एक नवीन: "पोरीबद्दल मी इचारत राहीन. रागाऊ नका." मग थांबले. मग मान हलवली.

मी बाहेर त्यांना विचारलं, "काऊन परत आले, भाऊ?"

"दुसरा मालक पाह्यला वर्षभर," ते म्हणाले. "भेटला नाई."

त्यानंतर रोजच्या सांगण्याच्या शेवटी एक वाक्य वाढलं. "पोरीचं अजून सांगतलं नाई तुम्ही." ते आजपर्यंत होतं. म्हणजे पाडव्यापर्यंत.

माझं आणि त्यांचं कधी जमलं नाही. मी संघटनेत काम करते, जास्त करून धानोऱ्याकडे, वनहक्काच्या दाव्यांवर. आत्मसमर्पण हा शब्द आमच्या जिल्ह्यांत पोलिसांच्या फलकावर असतो, बंदूक खाली ठेवणाऱ्याच्या फोटोखाली. शरण, समर्पण, चरणी लीन, या सगळ्या शब्दांची मला चीड आहे. ज्याने वाकायचं त्यालाच वाकणं म्हणजे भक्ती असं शिकवून ठेवलेलं आहे. हे मी सालदारांना तोंडावर सांगितलं. त्यांच्या ओसरीवर बसून, त्यांच्याच घरचा चहा पीत.

"भाऊ, शरण जानं म्हंजे मान खाली घालनं हाय. तुम्हाले मालक पायजेच काऊन?"

"तुले नाई का?"

"नाई."

"मंग तहसीलदारापुढं काऊन हात जोडून उभी होती परवा? मले पोट्ट्यानं मोबाइलवर दाखवलं."

"ते निवेदन द्याचं होतं."

"मी एकापुढं मान खाली घालतो. बाकीच्याइपुढं मंग घालाव लागत नाई. तुहं दर टेबलापुढं हाय."

बाई आतून म्हणाल्या, "तिले चहा तं पिऊ द्या."

मला ते अजूनही पटलेलं नाही. ज्याला मालकच लागत नाही असा माणूस घडवायला आम्ही निघालो आहोत आणि त्यात मी बदल करणार नाही. पण एकदा त्यांना मोर्चाला नेलं होतं. देवाला विचारून आले होते. नाही म्हटला नाही म्हणून आले. घोषणा होती, जंगल आमच्या मालकीचं. ते गप्प. आमचे एक मोठे कार्यकर्ते म्हणाले, काका, आवाज द्या. सालदार म्हणाले, "मालकीचं नाई म्हनत. राखनीचं म्हना, मंग देतो." घोषणा बदलली नाही. त्यांनी आवाज दिला नाही. कार्यकर्ते मला म्हणाले, असली माणसं आणत जाऊ नकोस.

असल्या माणसांचं काय करायचं हे संघटनेला कळत नाही. देवस्थान समितीला बरोबर कळलं.

समितीचे अध्यक्ष ठेकेदार आहेत. मनाने वाईट नाहीत; लग्नाकार्याला ट्रॅक्टर फुकट देतात. त्यांनी देवळाला सभामंडप बांधायचं मनावर घेतलं. जागा खोलगट, भरण हवं होतं, आणि तलावाचं पाणी अडवणारी पाळ जवळ होती. पाळ म्हणजे मुरूम, दाबून बसलेला, पिढ्यानपिढ्यांचा. अध्यक्षांच्या ट्रॅक्टरने पाळीच्या बाहेरच्या अंगाने मुरूम उचलला. रात्री चोरून नाही. दिवसाढवळ्या, धान कापून झाल्यावर, गाव तलावावर असताना. पाळीच्या खाली अर्ध्या गावाच्या बांध्या आहेत.

त्या संध्याकाळी, बोअरिंगवरच्या बायांनी मला सांगितलं तसं:

"मालक, आज धान झोडपलं. तुमचा नवा मांडव होऊन राह्यला त्याच्या खाली तलावाची पाळ टाकली. अध्यक्षाचा ट्रॅक्टर होता. तुमच्या नावानं नेली. तुम्ही सांगतलं होतं का? सांगतलं असन तं मी गप राह्यतो. नाई सांगतलं असन तं रोज इचारीन. पोरीचं अजून सांगतलं नाई तुम्ही."

आणि त्यांनी रोज विचारलं. अध्यक्षांनी आधी दुर्लक्ष केलं. मग त्या वेळेला भोंग्यावर आरतीची टेप लावायला सुरुवात केली. सालदार टेप संपेपर्यंत टाळ्या वाजवत उभे राहत. आरतीच ती. संपली की, "मालक, आज..."

मग समितीने माघात सप्ताह ठेवला आणि बाहेरगावचे महाराज आणले. विषय शरणागती. मी मुद्दाम गेले होते. महाराज गोड बोलत. म्हणाले, माकडाचं पिल्लू आईला घट्ट धरतं, हात सुटला की पडतं. मांजरीचं पिल्लू काहीच करत नाही. आई त्याला तोंडात धरून नेईल तिकडे जातं. खरा शरणागत मांजरीच्या पिल्लासारखा. तो तक्रार करत नाही, प्रश्न विचारत नाही, सगळं देवावर सोपवून शांत राहतो. अध्यक्ष पहिल्या रांगेत बसून मान डोलवत होते आणि मधूनमधून मागे, खांबाजवळ बघत होते.

खांबाजवळून आवाज आला. "महाराज, एक इचारू?"

"विचारा, माउली."

"मांजरीच्या पिल्लाइची आमच्या घरी दरसाली पैदास होते. ते हालचाल करत नाई हे खरं हाय. पन बोंबलते किती! माय दिसली नाई का घर डोक्यावर घेते. माय त्याच आवाजानं येते. गप बसलेलं पिल्लू बोका घेऊन जाते. मंग शरन जाऊन गप राहाव, हे पिल्लात कुठी हाय?"

बायांच्या बाजूने हसू फुटलं. महाराज पाणी प्यायले. म्हणाले, "आपला भाव मोठा आहे," आणि पुढच्या दृष्टान्ताकडे वळले. अध्यक्ष डोलायचे थांबले होते.

पाळीची तक्रार आमच्या संघटनेने केली. तहसीलचे साहेब आले, पाळीवर उभे राहिले. खड्डा मोठा आहे, तो दिसायला तक्रार लागत नाही. साहेबांनी जमलेल्या गावाला विचारलं, हे कोणी खोदलं?

गावाने तलावाकडे बघितलं.

एक जण म्हणाला, "पावसानं गेलं असन साहेब." तेव्हा हिवाळा होता.

"तुम्ही?" साहेबांनी माझ्या बाबांना विचारलं. आमची बांधी खड्ड्याच्या बरोबर खाली आहे.

"मी नाई पाह्यलं," बाबा म्हणाले.

सालदार म्हणाले, मी पाहिलं, आणि कोणाचा ट्रॅक्टर तेही सांगितलं. साहेबांनी विचारलं, आणखी कोणी? आणखी कोणी नव्हतं. साहेब गेले.

समितीला एवढंच हवं होतं. गावात कोणीच पाहिलं नाही, म्हणजे झालं नाही. झालं नाही, म्हणजे सालदार महिनोन्‌महिने बालाजीच्या पुढ्यात उभं राहून खोटं बोलत आहेत. खेकड्याची गोष्ट उकरून काढली गेली: बघा, सवयच आहे. देवापुढे खोटं बोलणाऱ्याने आधी देवापुढे कबूल करावं, मग पायरी चढावी, असं समितीत ठरलं.

पाडव्याला सालदार नवं धोतर नेसून आले. पायरीवर अध्यक्ष आधीच उभे होते. हातात प्रसाद.

"सालदारभाऊ, एक वाक्य म्हना न बापा. मी खोटं बोललो म्हना. मंग काय ठरवाचं ते ठरवा तुमच्या मालकाशी."

"कोनापाशी बोललो?"

"देवापाशी."

"मंग त्याले म्हनू द्या."

"देव बोलते का, भाऊ?"

"मंग तुम्ही कोनाच्या तर्फेनं बोलून राह्यले?"

अध्यक्षांचा आवाज खरंच मऊ झाला. "घरचा मानूस म्हून सांगून राह्यलो. वय झालं तुमचं. एका वाक्यानं काय होते?"

सालदारांनी पुन्हा उभ्याउभ्या विचार केला. "म्हनलो असतो," ते म्हणाले. "पन मी खोटं बोललो, हे खोटं हाय. सालाच्या पयल्या दिवशी मालकाले खोटं कसं सांगू?"

समितीतल्या दोघांनी त्यांना दंडाला धरून खाली आणलं. हळूच धरलं, हे खरं आहे. मग दार लागलं.

मी मागे होते. मी पुढे होऊन बोलायला लागले, पूजेचा हक्क, घटना, कायदा, सगळं. बाबांनी माझा हात ओढला. पण मला थांबवलं सालदारांनी.

"पोरी, तुवं पाह्यला का ट्रॅक्टर?"

"नाई. मी तवा धानोऱ्याले होती."

"मंग तू गप राय. ज्यानं पाह्यला तो बोलन."

ते तिथेच, चौकात, उभे राहिले. ज्याने पाहिला तो बोलेल म्हणून. गाव प्रसाद खात होतं. बऱ्याच वेळाने बाई आल्या आणि त्यांना घरी घेऊन गेल्या.

त्याला आता दोन महिने होत आले. संध्याकाळी देवळात टेप वाजते आणि संपते. सालदार रस्त्यावरून ओरडून सांगत नाहीत. मी सुचवलं होतं. म्हणाले, "गडी ओट्यावर बसून सांगते. रस्त्यावरून भिकारी वरडते." मुलगी गेली त्या साली ते बाईंना तरी सांगत. आता तेही नाही. ते त्यांनी सोडलेलं साल होतं, हे नाही. "मी सोडलं नाई," ते म्हणतात. "त्यानंही सोडलं नाई. मधातल्याइनं दार लावलं." गोळ्या घेणं त्यांनी बंद केलं आहे. साल ठरलेलं नाही, तेव्हा हा जीव कोणाचा हे ठरलेलं नाही, आणि दुसऱ्याच्या बैलाला न विचारता औषध पाजत नाहीत. बाई मला म्हणाल्या, "मले याच्या बोलन्याचा तरास होता. आता गप हाय, तं मले भेव वाटते."

मृग तोंडावर आलाय. पाळीला खड्डा तसाच आहे. मृगाच्या आधी ग्रामसभा आहे, आणि तिथे सरपंच नेहमीप्रमाणे विचारतील की कोणाला काही बोलायचं आहे का. ते विचारतात तेव्हा सगळे आपापल्या चपलांकडे बघतात.

हे वाचणारे तुम्ही आमच्या गावचे असाल तर तुम्ही त्या दिवशी तलावावर होतात. तुम्ही घाटावर कपडे धूत होतात. तुम्ही बैल धुवायला आणले होते. तुम्ही ट्रॅक्टरच्या ड्रायव्हरला चहा पाजला, तो पाळीवरच बसून प्यायला. हे सगळं मला तुमच्याच घरांत कळलं. या वेळी उठा. सालदारांबद्दल चांगलं बोलू नका. ते तुम्हाला आवडत नाहीत, मला माहीत आहे. देवाबद्दल नको. माझ्या संघटनेबद्दल तर अजिबात नको. कोणता दिवस, कोणती जागा, कोणाचा ट्रॅक्टर, एवढंच सांगा, आणि मागच्या भिंतीपर्यंत ऐकू येईल असं सांगा.

बाबा, पहिले तुम्ही उठा.